अरबी गायनांतील जुनें आणि नवें : साधनांच्या दृष्टीनें विचार

१

अरबी संगीताविषयीं लिहिणाऱ्यांत दोन मतें रूढ आहेत. पहिलें मत असें कीं, बगदादच्या खलीफांच्या दरबारांत जें गायन चालत असे, तेंच थोड्याफार फरकानें कैरो, हलब व बगदाद या शहरांतून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अखंड चालत आलें. आणि पुढें ध्वनिमुद्रिका, चित्रपट व युरोपीय वाद्यें यांनीं पन्नास वर्षांच्या आंत त्याचा विध्वंस केला. दुसरें मत याच्या उलट आहे. त्याप्रमाणें जुनें गायन एकसुरी व निर्जीव झालें होतें, दरबारी आश्रयावर तें कसेंबसें तग धरून होतें, आणि सय्यद दर्वीश, मुहम्मद अब्दुल वह्हाब प्रभृतींनीं त्यांत नवा प्राण ओतला. दोन्ही मतें आवेशानें मांडलीं जातात. परंतु ज्या साधनांवर त्यांचा निकाल लागावयाचा, त्या साधनांची छाननी दोहोंतहि क्वचित्‌च केलेली आढळते.

प्रस्तुत लेखाचा हेतु ती छाननी थोडक्यांत करण्याचा आहे. तीवरून निघणारा निष्कर्ष आरंभींच सांगतों. अरबी गायनांत जो खरा पालट झाला तो स्वरांचा किंवा वाद्यांचा फारसा नव्हे. 'चीज' म्हणजे काय, ती कोठें वास करते, आणि तिच्या रूपाविषयीं शेवटचा अधिकार कोणाचा, या कल्पनेंत तो पालट झाला. त्याचा काळहि बराच निश्चित करतां येतो. तो सुमारें १९०३ ते १९३५ हा होय.

२

या विषयाचें सर्वांत जुनें विस्तृत साधन म्हणजे अबुल-फरज अल्-इस्फहानी (८९७–९६७) याचा 'किताब अल्-अगानी', अर्थात् गीतांचा ग्रंथ. खलीफा हारून अल्-रशीद याच्या आज्ञेवरून निवडलेल्या शंभर गीतांची यादी हा या ग्रंथाचा मूळ पाया आहे. कैरोजवळील बुलाक येथील सरकारी छापखान्यानें १८६८ सालीं तो वीस भागांत छापला. १८८८ सालीं लायडन येथें एकविसावा भाग निघाला. गीताचे शब्द, कवीचें नांव, चाल बांधणाराचें नांव, ताल, आणि ऊदाच्या तारेवर चाल कोणत्या बोटाच्या मार्गानें जाते, इतकें अबुल-फरज नोंदवितो. मधल्या बोटाचा मार्ग म्हटलें कीं आपल्या परिभाषेंतील कोमल गांधारासारखा स्वर समजावा. अनामिकेचा मार्ग म्हटलें कीं शुद्ध गांधारासारखा. चाल मात्र ग्रंथांत नाहीं. ज्यांनीं पदांचीं जुनीं बाडें हाताळलीं आहेत, त्यांस ही अडचण निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं. माथ्यावर राग व ताल लिहिलेला असतो, खालीं शब्द असतात, आणि जें ऐकावयाचें तें कागदावर नसतें.

तथापि चालींपेक्षां मोलाची एक गोष्ट अगानींत आहे, ती म्हणजे जुन्या-नव्याचा वाद. इस्हाक अल्-मौसिली (७६७–८५०) याचें म्हणणें असें कीं, गुरूकडून आलेली चाल जशीच्या तशी पुढें दिली पाहिजे. त्याचा प्रतिस्पर्धी इब्राहीम इब्न अल्-महदी (७७९–८३९) हा हारूनचा सावत्र भाऊ. कांहीं काळ तो बगदादेंत स्वतः खलीफा म्हणूनहि बसला होता. जुन्या चालींतील जें आपल्या गळ्यास न रुचे तें तो गाळी व मनास येईल तसें बदली. अबुल-फरज सर्वस्वीं इस्हाकच्या पक्षाचा आहे. इब्राहीम व त्याच्या अनुयायांच्या या मोकळीकेमुळें जुन्या चाली बिघडल्या, अशी खंत तो व्यक्त करतो.

ही खंत दहाव्या शतकांतील आहे, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. जें 'अभिजात' म्हणून आज आपण डोळ्यांपुढें आणतों, तें त्याच्या पहिल्या इतिहासकाराच्या मतें त्याच्याच हयातींत लोप पावत होतें. यावरून हजार वर्षांच्या अखंडत्वाची कल्पना किती जपून स्वीकारावी लागेल, हें उघड आहे.

३

दुसरें साधन सफीउद्दीन अल्-उर्मवी (मृत्यु १२९४) याचा 'किताब अल्-अद्वार'. हा शेवटचा अब्बासी खलीफा अल्-मुस्तअसिम याच्या पदरीं होता. १२५८ सालीं मोंगलांनीं बगदाद लुटलें, त्यांतून तो वांचला व पुढें मोंगलांच्याच अंमलाखालीं मानानें राहिला. अखेरीस मात्र कर्जापायीं त्यास तुरुंगांत मरण आलें. सप्तकाचे सतरा भाग पाडण्याची त्याची योजना पुढील कित्येक शतकें फारसी, तुर्की व अरबी ग्रंथकारांनीं प्रमाण मानली. या ग्रंथांत अक्षरांनीं स्वर व अंकांनीं कालमान दाखवून लिहिलेले गीतांचे कांहीं नमुने आहेत. ते फार थोडे व आंखूड आहेत. तरी चालीचा प्रत्यक्ष सांगाडा देणारा इतका जुना अरबी पुरावा दुर्मिळच म्हटला पाहिजे.

यानंतर एकोणिसाव्या शतकापर्यंत मुख्य साधनें दोन प्रकारचीं आहेत: शास्त्रग्रंथ, आणि मुवश्शहांच्या शब्दांचे संग्रह. मुवश्शह हा अंदलूसांत उगम पावलेला कडव्यांचा पद्यप्रकार. कैरो येथील शिहाबुद्दीन मुहम्मद इब्न इस्माईल (१७९५–१८५७) याचा 'सफीनत अल्-मुल्क' हा अशा संग्रहांचा मुकुटमणि होय. त्यानें मुवश्शह मकामवार लावून एका बैठकीस जुळतील असे गट पाडले. मकाम व ताल दिला. चाल मात्र येथेंहि नाहीं.

तेव्हां अमुक चाल अब्बासी काळापासून आली आहे, असें म्हणणाऱ्यास कागदोपत्रीं आधार दाखवितां येत नाहीं. आधार आहे तो एका स्वराचा. आठव्या शतकांत मन्सूर झल्झल या नांवाचा नामांकित ऊदवादक होऊन गेला. इस्हाकचा बाप इब्राहीम अल्-मौसिली याचा तो मेहुणा. त्यानें ऊदावर कोमल व शुद्ध गांधार यांच्या मधोमध एक पडदा बसविला. अल्-फाराबीनें (मृत्यु ९५०) त्याचें माप २७ : २२ असें दिलें आहे. हाच मधला गांधार आज 'सीका' या नांवानें सर्व पूर्व अरबी गायनाचा प्राण समजला जातो. लेबनानांत जन्मलेला वैद्य व बखरकार मिखाईल मिशाका (१८००–१८८८) यानें १८४० च्या सुमारास सप्तकाचे चोवीस सारखे भाग सांगणारा प्रबंध लिहिला. मूळ अरबी प्रबंध बैरूतच्या 'अल्-मश्रिक' मासिकांत १८९९ सालीं छापला गेला. त्यांतहि हा स्वर आपल्या जागीं आहे. एवढा हा एक धागा अकराशें वर्षें तुटला नाहीं, असें खुशाल म्हणावें. परंतु एका धाग्यावरून सबंध वस्त्र तेंच आहे असें ठरत नाहीं.

४

मग ज्यास विसाव्या शतकांतील लोक 'जुनें गायन' म्हणूं लागले, तें कोणतें? तें बहुतांशीं खेदीव इस्माईल (कारकीर्द १८६३–१८७९) याच्या काळांत कैरोंत घडलेलें गायन होय. हा राजा युरोपीय थाटाचा मोठा भोक्ता. सुएझच्या कालव्याच्या समारंभानिमित्त १८६९ सालीं त्यानेंच कैरोंत ऑपेरागृह बांधविलें. परंतु अब्दुह अल्-हमूली (मृत्यु १९०१) हाहि त्याच्याच आश्रयाचा गवई. इस्तंबूलच्या दरबारीं हमूलीचें जाणें-येणें झालें, आणि तेथील कित्येक मकाम व अलंकार त्यानें मिसरी गायनांत मुरविले. मुहम्मद उस्मान (मृत्यु १९००) हा त्याचा समकालीन व तोलाचा रचनाकार. या दोघांनीं 'दौर' या गीतप्रकारास जें भव्य रूप दिलें, तेंच पुढें जुन्या गायनाचें लक्षण ठरलें. म्हणजे १९३० सालीं ज्याच्या नाशाबद्दल लोक हळहळत होते, त्याचें वय जेमतेम साठ-सत्तर वर्षांचें होतें.

त्या काळची मैफल कशी चाले, हें पाहिल्यावांचून पुढील पालट समजणार नाहीं. रात्रीं साधारणतः तीन बैठकी होत. प्रत्येकीस 'वस्ला' म्हणत, आणि ती एका मकामांत बांधलेली असे. साथीच्या ताफ्यास 'तख्त' हें नांव होतें. त्यांत ऊद, कानून, नाय, व्हायोलिन व रिक्क इतकीं वाद्यें असत. यांतील व्हायोलिन युरोपांतून आलेलें असून एकोणिसाव्या शतकांत त्यानें जुन्या कमान्‌जाची जागा घेतली होती. त्यामुळें कोणी धर्म बुडाला असें म्हटलें नाहीं. तेव्हां परकें वाद्य आलें एवढ्यानेंच गायन बदलतें, हें मत येथेंच लंगडें पडतें.

बैठकीचा आरंभ वाद्यांच्या गतीनें होई. मग झीलकऱ्यांसह मुवश्शह, नंतर एकट्या गवयाची लयाली व मव्वाल, आणि शेवटीं दौर. दौराचा पहिला भाग सर्वजण मिळून म्हणत. त्यापुढें गवई सुटा होई. एकच ओळ तो निरनिराळ्या मकामांतून फिरवून आणी. केवळ 'आह' या अक्षरावर लांबलचक स्वरमाला रचून झीलकऱ्यांशीं सवाल-जबाब करी, आणि पुनः मूळ स्वरावर येऊन ठेपे. श्रोत्यांत 'समीअ' म्हणून जाणकारांचा एक वर्गच असे. ते दाद देत, एखादी जागा पुनः मागून घेत, आणि त्यांच्या दादेवर गवयाची पुढील चाल ठरे. गाणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या ठायीं एकदम उत्पन्न होणाऱ्या या अवस्थेस अरबी भाषेंत 'तरब' असा शब्द आहे. ती साधली तर एक दौर तासभर चाले. न साधली तर लौकर आटोपे.

अशा गायनांत चीज कोठें राहते? रचनाकारानें दिलेला सांगाडा सर्वांच्या ध्यानांत असतो खरा; पण त्या रात्रीं जें गायिलें गेलें तीच त्या रात्रीची चीज. उद्यां ती निराळी होईल, आणि तीहि तितकीच खरी मानली जाईल. शेवटचा अधिकार गवई व समीअ यांचा जोडीनें. इब्राहीम इब्न अल्-महदीचा पक्ष हजार वर्षांनीं असा जिंकला होता.

५

१९०३ सालीं ग्रामोफोन कंपनीनें मिसरांत मुद्रणास आरंभ केला. त्यापाठोपाठ ओडियन व बैरूतच्या बैदा कुटुंबाची बैदाफोन या कंपन्या बाजारांत उतरल्या. येथपासून आपल्या हातीं अगदीं निराळ्या जातीचें साधन येतें. परंतु तें जितकें मोलाचें, तितकेंच जपून वापरण्यासारखें आहे.

पहिली गोष्ट काळाची. हमूली व उस्मान हे दोघेहि हा व्यापार सुरू होण्यापूर्वींच वारले. त्यांच्या रचना तबकड्यांवर ऐकूं येतात त्या यूसुफ अल्-मन्यलावी (मृत्यु १९११), अब्दुल हय्य हिल्मी (मृत्यु १९१२) प्रभृतींच्या गळ्यांतून. तेव्हां मन्यलावीची तबकडी ही हमूलीच्या गायनाची मूळ प्रत नसून शिष्यपरंपरेंतील नक्कल आहे, आणि नकलेस लागणारे सर्व नियम तीस लागतात.

दुसरी गोष्ट लांबीची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें व बारा इंचीच्या बाजूस चार मिनिटांवर थोडा वेळ मिळे. एक दौर तीन-चार बाजूंवर तोडून बसवावा लागे. गवई ज्या जागीं थांबलेला ऐकूं येतो ती कित्येकदां विसाव्याची जागा नसते. तेथें मेण संपलेलें असतें.

तिसरी गोष्ट श्रोत्यांची. कर्ण्यापुढें समीअ नव्हते. म्हणून साथीदारच मधून मधून 'अल्लाह' म्हणून ओरडतात, गवयाचें नांव घेऊन वाहवा करतात. ही दाद बनावट म्हणून टाकून देण्याजोगी नाहीं. दादेवांचून गातां येत नाहीं अशी गायकांची समजूत होती, हें ती सिद्ध करते. आणि हा पुरावा कोणत्याहि ग्रंथापेक्षां बळकट आहे.

चौथी गोष्ट वेगाची. त्या काळच्या तबकड्या सर्व एकाच वेगानें मुद्रित झालेल्या नाहींत. फिरविण्याचा वेग चुकला कीं गवयाचा मूळ स्वर चढतो वा उतरतो, आणि लयहि बदलते. त्यामुळें 'अमुक गवई अमुक पट्टींत गात असे' असें तबकडीवरून लिहिणें धोक्याचें आहे. परंतु वेग आरंभापासून शेवटपर्यंत सारखाच चुकलेला असेल, तर स्वरांचीं परस्पर प्रमाणें बदलत नाहींत. झल्झलच्या गांधाराचें माप घ्यावयाचें झाल्यास या जुन्या तबकड्या बहुधा भरंवशाच्या साक्षीदार ठरतात. तें माप घेतां असें दिसतें कीं, गवई त्या स्वरास मिशाकाच्या चोविसाव्या हिश्शाच्या खुंटीवर नेमका टांगीत नसत. मकामाप्रमाणें व आरोह-अवरोहाप्रमाणें तो किंचित् वर-खालीं सरके.

मात्र या तबकड्यांनीं नुसती साक्ष दिली नाहीं. त्यांनीं गायनहि बदललें. जी चीज रात्रीगणिक नवी होत असे, तिचें एक रूप आतां विकत मिळूं लागलें. शिकाऊ गवई गुरूकडे न जातां तबकडीवरून ती उचलूं लागला. श्रोताहि मैफलींत तेंच रूप मागूं लागला. अशा रीतीनें इस्हाक अल्-मौसिलीची 'जसेंच्या तसें' ही अट यंत्रानें पुरी केली.

६

या पालटाचें प्रत्यक्ष दफ्तर म्हणजे १९३२ च्या मार्च-एप्रिलमध्यें कैरोंत भरलेली अरबी संगीत परिषद होय. राजा फुआद हा तिचा आश्रयदाता. युरोपांतून बेला बार्टोक, पाउल हिंडेमिथ, कुर्ट झाक्स, हॉर्नबोस्टेल, रॉबर्ट लाखमान इत्यादि मंडळी आली होती. इतिहास व हस्तलिखितें यांच्या समितीचें अध्यक्षपद हेन्री जॉर्ज फार्मर या अरबी संगीताच्या इतिहासकाराकडे होतें. परिषदेच्या तयारींत ज्याचा मोठा वांटा, तो बॅरन देर्लांझे आजारामुळें येऊं शकला नाहीं व त्याच वर्षीं वारला. अल्-फाराबीपासूनच्या ग्रंथांचीं त्यानें सिद्ध केलेलीं फ्रेंच भाषांतरें १९३० ते १९५९ या काळांत सहा खंडांत प्रसिद्ध झालीं.

परिषदेंतील वादांत एक विपरीत दृश्य दिसतें. मिसरी सभासदांपैकीं बऱ्याच जणांस पियानो व इतर युरोपीय वाद्यें हवीं होतीं. सप्तकाचे चोवीस सारखे भाग ठरवून टाकावे, म्हणजे स्वरलेखन, शाळा व वाद्यें यांची सोय होईल, असें त्यांचें म्हणणें होतें. पाव-स्वरांचे पियानो तपासणीसाठीं मांडलेहि होते. याच्या उलट युरोपीय पाहुण्यांपैकीं बहुतेक म्हणत होते कीं, पियानो घ्याल तर तुमचें गायन मराल. तुर्कस्तानच्या रऊफ येक्ता यांस सारखे चोवीस भाग मुळींच मान्य नव्हते. स्वरसप्तकाचा प्रश्न एकमतानें सुटला नाहीं.

पाहुण्यांचा इशारा प्रेमाचा होता यांत शंका नाहीं. परंतु ज्यास ते जपूं पाहत होते तें त्यांच्या लेखीं एक प्राचीन वस्तु होतें. मिसरी लोकांच्या लेखीं तें उद्यां गावयाचें गाणें होतें. हा भेद मुद्रणसमितीच्या कामांत स्पष्ट उमटला आहे. लाखमान यांच्या अध्यक्षतेखालील या समितीनें जुन्या वळणाचे गायक-वादक निवडले, आणि रंगभूमीवरचें व बाजारांतलें नवें गायन बहुतांशीं वगळलें. ग्रामोफोन कंपनीनें तेव्हां दीडशेंहून अधिक तबकड्या मुद्रित केल्या. त्यांत मग्रिबचे अंदलूसी ताफे आहेत, मिसरचे दर्वेशी व कॉप्टिक गायनाचे नमुने आहेत, आणि इराकचा मुहम्मद अल्-कुब्बांजी आहे. त्याच्या साथीस बहुतेक बगदादचे यहुदी वादक होते. पुढें १९५० नंतरच्या दोन वर्षांत इराकांतील बहुतेक यहुदी समाज देश सोडून गेला, आणि बगदादेंतील मकामाची ती साथ मोडली. म्हणून या तबकड्यांची किंमत आज दुप्पट वाटते. पॅरिस येथील फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयानें हा संग्रह २०१५ सालीं अठरा नव्या तबकड्यांवर पुनः प्रसिद्ध केला.

संशोधकानें मात्र एवढें विसरूं नये कीं, हा संग्रह १९३२ च्या अरबी संगीताचें चित्र नाहीं. १९३२ सालीं कांहीं विद्वानांस जें टिकावें असें वाटलें, त्याची ती निवड आहे. अबुल-फरजनें केलेल्या निवडीप्रमाणेंच.

७

निवडींतून जें वगळलें गेलें, तें तेव्हां बाहेर जोमानें वाढत होतें. सय्यद दर्वीश (१८९२–१९२३) यानें जुन्या पद्धतीचे दहा दौर रचले, आणि त्याच हातानें नाटकांसाठीं हमालांचीं, कारागिरांचीं, शिपायांचीं आंखूड गाणीं रचलीं. नाटकांतील पात्राच्या गाण्यास प्रसंगाची मर्यादा असते. तेथें ओळ दहादां फिरवितां येत नाहीं. मुहम्मद अल्-कसब्जी (१८९२–१९६६) यानें १९२८ सालीं उम्म कुल्सूम हिच्यासाठीं 'इन् कुंत असामिह' हें एकभाषित रचलें. त्यांत पालुपद नाहीं. शब्दांच्या भावाप्रमाणें चाल आरंभापासून शेवटपर्यंत पुढें सरकते. १९३३ च्या 'अल्-वर्दा अल्-बैदा' या चित्रपटापासून मुहम्मद अब्दुल वह्हाब (मृत्यु १९९१) यानें मोजून बसविलेल्या, मोठ्या वाद्यवृंदाच्या गीताची प्रथा पाडली. ३१ मे १९३४ रोजीं मिसरचें सरकारी नभोवाणी केंद्र सुरू झालें. पांच-सहा जणांच्या तख्ताच्या जागीं वीस-तीस वादकांची 'फिर्का' आली. इतके वादक एकत्र वाजवावयाचे तर लिहिलेलें स्वरलेखन पाहिजे. आणि लिहिलेलें वाजवावयाचें म्हटलें कीं चीजेचा मालक रचनाकार झाला.

तरी येथेंहि निकाल एकतर्फी नाहीं. उम्म कुल्सूम (मृत्यु १९७५) हिच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारच्या मैफली नभोवाणीवरून साऱ्या अरबी मुलखांत ऐकल्या जात. साथीस मोठा वृंद, रचना कागदावर निश्चित. पण श्रोत्यांनीं हांक दिली कीं ती एकच ओळ पुनः पुनः निरनिराळी गाई, वृंद तिच्यासाठीं थांबून राही, आणि गीत तासावर जाई. १९६४ सालीं अब्दुल वह्हाबनें तिच्यासाठीं प्रथमच चाल बांधली, ती 'इन्त उम्री' या गीताची. त्यांत विजेची गिटार आहे. तरीहि मैफलीच्या मुद्रणांत जो व्यवहार ऐकूं येतो तो हमूलीच्या बैठकीचा आहे. वाद्य नवें, धर्म जुना.

याच्या उलट उदाहरण १९६७ चें. त्या सालीं कैरोंत अब्दुल हलीम नुवैरा यांच्या दिग्दर्शनाखालीं जुन्या वारशाचें रक्षण करण्यासाठीं अरबी संगीताचें पथक स्थापन झालें. तें मुवश्शह व दौरच गाई. पण मोठा समुदाय एका आवाजांत, लिहिलेल्या स्वरांवरून, दिग्दर्शकाच्या हाताकडे पाहून गाई, आणि सभागृह शेवटीं टाळ्या वाजवी. चीज जुनी, धर्म नवा.

८

हीं दोन उदाहरणें शेजारीं ठेविलीं म्हणजे आरंभीं सांगितलेल्या दोन्ही मतांचें वैगुण्य दिसून येतें. वाद्यांवरून, मकामांवरून किंवा गीताच्या नांवावरून जुनें-नवें ठरवूं गेल्यास उम्म कुल्सूम नव्यांत व नुवैरा यांचें पथक जुन्यांत जमा करावें लागेल, आणि दोन्ही ठिकाणीं चूक होईल. चीजेचा शेवटचा अधिकार मैफलीकडे आहे कीं लेखाकडे, ही कसोटी लावली तरच साधनांचा मेळ बसतो. तो अधिकार मैफलीकडून प्रथम तबकडीनें, मग रंगभूमि व चित्रपटानें, मग स्वरलेखनानें काढून घेतला. आणि विशेष हें कीं, जपणाऱ्यांनींहि त्यास हातभार लावला.

संग्राहकांस यांतून एक कामाची गोष्ट घेण्यासारखी आहे. पोथीच्या पानावरील समास व पुष्पिका आपण जशी जपतों, तशी तबकडीची कागदी चिठ्ठी व तिच्या शेजारीं लाखेंत कोरलेला मुद्रणांक जपावा; कालनिर्णयास तोच आधार असतो. एका बाजूचें गीत दुसऱ्या बाजूवर पुरें होत असेल, तर दोन्ही बाजूंची नोंद एकत्र करावी. साथीदारांची दाद, आरंभीं पुकारलेलें कंपनीचें व गवयाचें नांव, हा खरड मजकूर समजून नोंदींतून गाळूं नये. लेबनानांत २००९ सालीं अरबी संगीताच्या जतनासाठीं व संशोधनासाठीं स्थापन झालेल्या 'आमार' या संस्थेनें अशा जुन्या तबकड्यांचा मोठा संग्रह सांभाळला आहे.

अबुल-फरजनें शब्द जपले व चाली गेल्या. तबकडीनें चाल जपली. तिच्यावर गवयाचा गळा आहे, साथीदारांची वाहवा आहे, तीन मिनिटांची घाई आहे. उरलेली रात्र तिच्यावर नाहीं. आणि हमूलीच्या श्रोत्यांनीं चीज म्हटलें तें त्या रात्रीस.